सत्ता कोणाच्या हातात किती? वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली पत्रं वेगवेगळ्या राज्यांतून आली आहेत, पण ती विचारतात जवळपास एकच: अमेरिकेत कोणाला कशाचा अधिकार आहे आणि तो दिला कोणी? न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये मी वर्षानुवर्षं हाच विषय शिकवला. निवृत्तीनंतर आता शनिवारी सकाळी ग्रंथालयात नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणाऱ्यांचा वर्ग घेते. त्यामुळे संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे पाठवला. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत दिली तर खोटी ठरतील.

प्रश्न (एक आजोबा, एडिसन, न्यू जर्सी): मुलीकडे राहतो, नागरिकत्वाच्या परीक्षेचं पाठांतर चालू आहे. १७७६ चा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना यांत माझी सारखी गल्लत होते. स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हाच घटना का लिहिली नाही? मधली अकरा वर्षं काय केलं?

काका, दोन्ही कागदांवर सह्या फिलाडेल्फियातल्या एकाच दालनात झाल्या आहेत, त्यामुळे गल्लत होणारच. पण त्यांचं काम वेगळं आहे. जाहीरनामा म्हणजे ब्रिटनच्या राजाशी संबंध तोडल्याचा कागद. राज्य करण्याचा अधिकार येतो कुठून, याचं उत्तर त्यात आहे: लोकांच्या संमतीतून. काही हक्क माणसाला जन्मतःच असतात, ते राखण्यासाठी सरकार असतं, आणि सरकारच ते तुडवायला लागलं तर ते बदलण्याचा लोकांना अधिकार आहे. त्यानंतर तिसऱ्या जॉर्जविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी येते. ती सहसा कोणी वाचत नाही. माझ्या वर्गात मी ती मोठ्याने वाचायला लावते. न्यायाधीशांचा पगार आणि नोकरी राजाने आपल्या मर्जीवर ठेवली. शांततेच्या काळात फौजा आणून बसवल्या. आमच्या संमतीशिवाय कर लावले. ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा हक्क काढून घेतला. पुढे घटनेत आणि तिच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांत जी कलमं आली, त्यांतली कितीतरी या एकेका तक्रारीला दिलेलं उत्तर आहेत. फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीशांना तहहयात नेमणूक का आणि त्यांचा पगार कमी का करता येत नाही, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता मधली अकरा वर्षं. त्या काळात एक पहिली घटना होतीच, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, १७८१ मध्ये लागू झालेली. राजाच्या जाचातून नुकत्याच सुटलेल्या राज्यांनी मध्यवर्ती सत्ता इतकी दुबळी ठेवली की तिला कर लावण्याचा अधिकारच नव्हता. काँग्रेसने, म्हणजे देशाच्या संसदेने, राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी जमेल तेवढे द्यायचे. युद्धाचं कर्ज डोक्यावर होतं, सैनिकांचे पगार थकले होते. आयात मालावर ५ टक्के जकात बसवू द्या, एवढीच मागणी आली, तर एकट्या रोड आयलंडने नकार दिला आणि प्रस्ताव पडला, कारण नियम बदलायला तेराही राज्यांची संमती लागायची. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडली. डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला माजी कॅप्टन त्यांच्या पुढाऱ्यांत होता. हे बंड मोडण्यासाठी शेवटी व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून फौज उभी करावी लागली.

म्हणून १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात बैठक भरली. ५५ प्रतिनिधी आले, रोड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. चर्चा बाहेर फुटू नये म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवून उन्हाळाभर वाद चालला आणि १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. त्यांना राजा नको होता आणि आधीचा दुबळेपणाही नको होता. म्हणून त्यांनी मध्यवर्ती सत्ता वाढवली, पण वाढवतानाच ती दोनदा विभागली. आधी फेडरल सरकार आणि राज्यं यांच्यात. मग फेडरल सरकारच्या आत काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय यांच्यात. घटनेला मंजुरी मिळावी म्हणून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत जे लेख छापून आले, त्यांतल्या एकात घटनेच्या शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसनने लिहिलं की माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती. चांगली माणसं निवडून येतील या भरवशावर ही रचना उभी केलेलीच नाही. एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला अडवील, अशा हिशेबाने ती बांधली आहे. हे ध्यानात ठेवलंत तर परीक्षेतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर अर्ज केला असेल तर परीक्षा नवीन आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. जुनी १०० प्रश्नांची पुस्तिका मुलीने आणून दिली असेल तर ती बदलून घ्या. वय ६५ किंवा त्याहून जास्त आणि ग्रीन कार्ड घेऊन २० वर्षं झाली असतील तर तुमच्यासाठी लहान यादी असते.

प्रश्न (एक आई, शिकागोजवळून): आमच्या गावात गांजाचं परवानाधारक दुकान आहे. इलिनॉय राज्य त्यावर कर घेतं, दाराशी सुरक्षारक्षक असतो, सगळं उजळ माथ्याने चालतं. मुलाकडे ग्रीन कार्ड आहे. वकिलांनी बजावलं की त्या दुकानाची पायरीसुद्धा चढू नकोस. राज्यात कायदेशीर असलेली गोष्ट गुन्हा कशी असेल?

वकिलांचं ऐका. त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर आहे. ते तसं का, हे समजून घेतलं तर मुलालाही पटेल.

फेडरल सरकारला मन मानेल तो कायदा करता येत नाही. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात काँग्रेसच्या अधिकारांची यादी आहे: कर, नाणी, टपाल, सैन्य, युद्ध पुकारणं, परदेशी माणसाला नागरिक करून घेण्याचे नियम, राज्याराज्यांतला व्यापार वगैरे. यादीबाहेरचं ते राज्यांचं किंवा लोकांचं, असं १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने लिहून ठेवलं. शाळा, पोलिस, लग्नाचा दाखला, वाहन परवाना, दारूची दुकानं, घराला किती मजले चढवायचे, हे सगळं म्हणूनच राज्यांकडे आहे. गांजासाठी शिक्षा द्यायची की नाही, हे इलिनॉयने स्वतःपुरतं ठरवलं आणि १ जानेवारी २०२० पासून विक्री सुरू झाली. हा त्यांचा हक्क.

पण यादीतला ‘राज्याराज्यांतला व्यापार’ हा अधिकार सुप्रीम कोर्टाने फार ताणला आहे. ओहायोत रॉस्को फिलबर्न नावाचा शेतकरी होता. गव्हाचे भाव सावरण्यासाठी सरकारने त्याला सुमारे ११ एकरांची मर्यादा घालून दिली होती, त्याने २३ एकर पेरले. जास्तीचा गहू मी घरच्या जनावरांना घालतो, त्याचा राज्याराज्यांतल्या व्यापाराशी काय संबंध, असं तो म्हणाला. १९४२ मध्ये कोर्टाने उत्तर दिलं की असे हजारो शेतकरी घरचाच गहू वापरू लागले तर देशाच्या बाजारावर परिणाम होतो, म्हणून काँग्रेसला तुमच्या शेतापर्यंत येता येतं. त्याच तर्काने २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रुग्णांचा दावा कोर्टाने फेटाळला. औषध म्हणून घरी लावलेल्या गांजाच्या रोपांनाही फेडरल बंदी लागू झाली. मला स्वतःला हा निर्णय ओढून आणलेला वाटतो. परसातलं रोप हा व्यापार असेल, तर मग व्यापार नाही असं काय उरलं? न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी त्या वेळच्या विरोधी मतात हाच मुद्दा मांडला होता. इतर बहुतेक बाबतींत माझं त्यांच्याशी जमत नाही, इथे जमतं.

मग फेडरल सरकार इलिनॉयची दुकानं बंद का पाडत नाही? कारण ते राज्याच्या पोलिसांना राबवून घेऊ शकत नाही. १९९७ मध्ये बंदूक खरेदीच्या तपासणीचं काम गावोगावच्या शेरिफवर लादता येणार नाही, असं कोर्टाने ठरवलं. २०१८ मध्ये आमच्या न्यू जर्सीच्याच खटल्यात, खेळांवर सट्टा लावण्याची बंदी तुम्ही तुमच्या कायद्यात कायम ठेवलीच पाहिजे, असं काँग्रेस राज्याला सांगू शकत नाही, असा निकाल लागला. फेडरल बंदी आहे, पण ती राबवायची तर फेडरल माणसांनीच. आणि तेवढी माणसं त्यांच्याकडे नाहीत.

परदेशी माणसाचा देशातला प्रवेश, वास्तव्य आणि नागरिकत्व हे मात्र पूर्णपणे फेडरल हातात आहे. तुमच्या मुलाच्या अर्जावर बसणारा अधिकारी इलिनॉयचा कायदा पाहणारच नाही. खटला नको, शिक्षा नको, गांजा ओढल्याची नुसती स्वतः दिलेली कबुलीही चांगल्या वर्तणुकीच्या अटीत अडचण आणू शकते. अशा दुकानातली नोकरीसुद्धा. नागरिक होईपर्यंत त्या दारापासून लांब राहणं हेच शहाणपण.

प्रश्न (ह्यूस्टन): दारूचा विषय राज्यांकडे आहे, तर २१ वर्षांची अट सगळीकडे सारखी कशी?

पैशाच्या जोरावर. १९८४ मध्ये काँग्रेसने कायदा केला की ज्या राज्यात २१ च्या खालच्यांना दारू विकत मिळते, त्या राज्याच्या महामार्ग निधीतला छोटा हिस्सा कापला जाईल. साउथ डकोटामध्ये १९ व्या वर्षी हलकी बिअर मिळायची. ते राज्य कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये हरलं. हुकूम सोडता येत नसला तरी अट घालून पैसे देता येतात. अट फारच जुलमी झाली तर कोर्ट अडवतं, २०१२ मध्ये मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, विस्ताराच्या बाबतीत तसं अडवलंही.

प्रश्न (अकरावीतली विद्यार्थिनी, पेनसिल्व्हेनिया): सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम होते. शिक्षक म्हणतात, तो काळच तसा होता. मला हे उत्तर पटत नाही. अशा माणसांचे आदर्श मी का मानायचे?

बाळ, पटू देऊही नकोस. त्या काळातही हे चुकीचं आहे असं सांगणारी माणसं होती आणि तुझ्या राज्यात ती सत्तेत होती. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्येच गुलामी हळूहळू संपवण्याचा कायदा केला होता. जाहीरनाम्याचा मुख्य लेखक जेफर्सनने आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा उतारा लिहिला होता, तो काँग्रेसने काढून टाकला. घटनेत ‘गुलाम’ हा शब्द टाळला, पण लोकसंख्या मोजताना त्यांना तीन पंचमांश धरलं. त्यामुळे मत नसलेल्या माणसांच्या जोरावर दक्षिणेला काँग्रेसमध्ये जास्तीच्या जागा मिळाल्या. १८०८ पर्यंत गुलाम आणण्यावर बंदी घालता येणार नाही, असंही लिहिलं.

तू जवळच राहतेस म्हणून ओना जज हिची गोष्ट सांगते. फिलाडेल्फियात राजधानी होती तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन जिथे राहत, ते घर आजच्या लिबर्टी बेलच्या इमारतीशेजारीच होतं. तुझ्या राज्याच्या कायद्यानुसार, बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता यायचं. म्हणून वॉशिंग्टन आपले गुलाम मुदत भरण्याआधी राज्याबाहेर नेऊन परत आणत. ओना ही मार्था वॉशिंग्टनची दासी. आपल्याला मार्थाच्या नातीला भेट म्हणून दिलं जाणार, हे तिला कळलं. १७९६ च्या मे महिन्यात, घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोचली. वॉशिंग्टननी तिथल्या फेडरल जकात अधिकाऱ्याला तिला परत पाठवायला सांगितलं. ती राजीखुशीने येणार नाही हे बघून त्याने जबरदस्ती केली नाही. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती फरारी गुलामच होती, कारण फरारी गुलामांना परत धरून नेऊ देणारा १७९३ चा फेडरल कायदा लागू होता, आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचीच सही होती.

यात सत्तेच्या विभागणीबद्दलही एक मोठी गोष्ट आहे. ‘राज्यांचे हक्क’ म्हणजे दक्षिणेची बाजू, असं आपण धरून चालतो. पण फरारी गुलाम पकडण्यासाठी दक्षिणेलाच बळकट फेडरल सत्ता हवी होती आणि उत्तरेतली राज्यं आपल्या हक्कांच्या आधारे तिला अडवत होती. १८४२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्याच खटल्यात सुप्रीम कोर्टाने गुलाम पकडणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, पण जाता जाता म्हटलं की या कामाला राज्याचे अधिकारी जुंपता येणार नाहीत. वर गांजाच्या उत्तरात सांगितलेल्या तत्त्वाचं मूळ इतकं मागे जातं. पुढे एका शतकाने बाजू उलटल्या. १९५७ मध्ये आर्कान्सॉच्या गव्हर्नरने लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू दिलं नाही. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले आणि मुलं त्यांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. त्याच्या मुळाशी होती १८६८ ची चौदावी दुरुस्ती: कोणतंही राज्य कोणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही.

फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेले. ५ जुलै १८५२ ला रोचेस्टरला केलेल्या भाषणात त्यांनी श्रोत्यांना विचारलं की तुमचा चार जुलै गुलामाच्या काय कामाचा? आणि त्याच भाषणात सांगितलं की जाहीरनाम्यातली तत्त्वं तारणारी आहेत, त्यांना धरून राहा. माझं उत्तर तेच आहे. ते वाक्य लिहिणाऱ्यांच्या मालकीचं नाही. ज्यांना त्यातून वगळलं होतं, त्यांनी ते खरं करायला लावलं. ओना जजला वर्गातल्या फळ्याच्या एका बाजूला आणि जेफर्सनला दुसऱ्या बाजूला लिहून तू तुझ्या शिक्षकांशी जरूर वाद घाल.

प्रश्न (सॅन होजे): राष्ट्राध्यक्ष एका सहीने एवढं सगळं कसं बदलतात? मग काँग्रेस कशाला आहे?

आजच्या कोणाचंही नाव न घेता सांगते, कारण ही दुखणी दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात वाढली आहेत.

राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाला बळ येतं ते दोनच ठिकाणांहून: घटनेतून किंवा काँग्रेसच्या कायद्यातून. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप येऊ घातला होता. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कारखाने सरकारच्या ताब्यात घ्यायचा आदेश काढला. दोन महिन्यांच्या आत सुप्रीम कोर्टाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला आणि ट्रुमन यांनी कारखाने सोडून दिले. म्हणजे कोर्टाला अडवता येतं.

आजची खरी अडचण अशी की काँग्रेसनेच स्वतःचे अधिकार कायदे करून राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले आहेत, आणि ते परत घेणं फार महाग झालं आहे. याच्या मुळाशी असलेल्या खटल्यात एक भारतीय वंशाचा माणूस आहे, हे आपल्या लोकांना क्वचितच माहीत असतं. जगदीश राय चढ्ढा हे केनियात जन्मलेले, ब्रिटिश पासपोर्टवर ओहायोत शिकायला आलेले. व्हिसाची मुदत संपली. त्यांना परत घ्यायला ना ब्रिटन तयार होतं, ना केनिया. इमिग्रेशनच्या न्यायाधीशाने त्यांची हकालपट्टी थांबवली. पण त्या काळी कायद्यात अशी तरतूद होती की काँग्रेसच्या एका सभागृहाला एवढ्याशा ठरावाने असा निर्णय फिरवता येई. १९७५ च्या डिसेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने, चर्चा न करता आणि मतं न मोजता, चढ्ढांसह काही जणांच्या बाबतीत तो फिरवला. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती तरतूदच घटनाबाह्य ठरवली: काँग्रेसला काही बदलायचं असेल तर दोन्ही सभागृहांत मंजुरी आणि मग राष्ट्राध्यक्षांची सही (किंवा त्यांचा व्हेटो दोन तृतीयांश मतांनी ओलांडणं), हा एकच रस्ता.

चढ्ढांना न्याय मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. कारण न सांगता एका माणसाचं आयुष्य उलटंपालटं करण्याचा अधिकार कोणत्याच सभागृहाला नसावा. पण त्याच निकालाने जवळपास २०० कायद्यांतली काँग्रेसची तशीच पकड सुटली. १९७६ च्या आणीबाणीविषयक कायद्यात राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेली आणीबाणी दोन्ही सभागृहांना ठराव करून संपवता यायची. आता त्या ठरावावरही राष्ट्राध्यक्षांची सही लागते. जो आणीबाणी लावतो, तो ती उठवण्याच्या ठरावावर सही कशाला करील? २०१९ मध्ये नेमकं तसं झालं. दोन्ही सभागृहांनी मेक्सिकोच्या सीमेवरची आणीबाणी संपवण्याचा ठराव केला, राष्ट्राध्यक्षांनी व्हेटो वापरला, आणि तो ओलांडायला लागणारी दोन तृतीयांश मतं जमली नाहीत.

पैसा मात्र अजून काँग्रेसच्या हातात आहे. तिने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलरही खर्च करता येत नाही. मॅडिसनचा हिशेब असा होता की प्रत्येक सभागृह आपल्या अधिकाराला इजा झाली की चवताळून उठेल. राजकीय पक्ष इतके घट्ट बांधले जातील, आपल्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असेल तर खासदार आपल्याच सभागृहाचा अधिकार मुकाट्याने सोडून देतील, हे त्या हिशेबात नव्हतं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. तुमच्या खासदाराला पत्र लिहाल तेव्हा ‘या धोरणाला तुमचा पाठिंबा आहे का’ एवढंच विचारू नका. ‘हा निर्णय काँग्रेसने घ्यायचा होता की नाही’ हेही विचारा.

प्रश्न (न्यू जर्सी): पुढच्या महिन्यात शपथविधी आहे. मतदानाची सुरुवात कुठून करू?

अभिनंदन! राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीची वाट पाहू नका. न्यू जर्सीची विधानसभा आणि गव्हर्नर यांच्या निवडणुका विषम वर्षांत होतात, आणि तेव्हा मतदानाला फार कमी लोक येतात. मालमत्ता कर, शाळा, वाहन परवाना, पोलिस, घराशेजारचं बांधकाम, हे सगळं तिथे आणि तुमच्या टाउनशिपमध्ये ठरतं. नोंदणी निवडणुकीच्या किमान २१ दिवस आधी झाली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी शपथविधीच्या जागीच मतदार नोंदणीचे अर्ज मिळतात. मात्र शपथ घेण्याआधी कोणी कितीही आग्रह केला, वाहन परवान्याच्या खिडकीवर कोणी अर्ज पुढे सरकवला, तरी त्यावर सही करू नका. ग्रीन कार्डवर फेडरल निवडणुकीत मत देणं हा फेडरल गुन्हा आहे, आणि तो नागरिकत्वाच्या आड येतो.